माझ्या नावाचा सोमवार

बायको दर सोमवारी जेलात जायची, पोराला भेटायला. मी दोन वर्षांत एकदाही गेलो नाही. पोराच्या हातून मारामारीत एक माणूस मेला, केस अजून चालू आहे. मी तेव्हाच सगळ्यांसमोर म्हणालो, माझा पोरगा मेला. मला आडून बोलता येत नाही. चौथी शिकलेला गवंडी मी, गोड बोलायचं कुणी शिकवलं नाही.

भेटून आली की बायको भाजी निवडत सांगायची, "तुमच्या गुडघ्याचं इचारत हुता. त्येच्या बराकीत एक म्हातारा हाय, त्यो म्हणं निरगुडीचं तेल लावतो. तुमाला आणायला सांगितलंय." मी म्हणायचो, "त्येला म्हणावं, तू तुझं बघ." फरश्या बसवून बसवून गुडघे गेलेत माझे, त्यात त्याला कशाला विचारायला पाहिजे? तेल तिनं आणलंच. रोज लावायची. मला वाटायचं, हे सगळं हिच्याच मनातलं आहे. बाप-लेक जुळावेत म्हणून रचून सांगते.

मग तीच गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत संपलं. शेवटचं तोंड बघायला पोराला आणायची परवानगी निघेपर्यंत इकडं राख झाली होती. तेराव्यानंतर तिचा मोबाइल वाजला. जेलातून पोराचा फोन. मी नुसतं "हां" म्हणालो. तो काही बोलला नाही, मीपण नाही. वेळ संपली, फोन कट झाला. मग डोक्यात एकच आलं. ती नाही, तर आता त्याच्याकडं जाणार कोण? बोलणार कोण? मी बोलू शकलो नाही तर ते पोरगं तिथं एकटंच. माझा राग गेला होता का? नाही. तरीपण सोमवारी आधार कार्ड घेऊन निघालो. का, ते विचारू नका.

जेलाबाहेर बायकांचीच गर्दी जास्त. नंबर यायला वेळ होता म्हणून गाड्यावरून भजी घेतली, बाकड्यावर बसून खाल्ली. फॉर्म मला भरता येईना. शेजारी एक पोरसवदा बाई होती, चादरीच्या कारखान्यात कामाला, नवरा आत. तिनं कागद ओढून घेतला. कैद्याचं नाव लिहिलं आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"मावशीचे मालक का तुमी?"

"व्हय."

"मामा, मग भजी कशी खाल्ली? आज सोमवार की!"

"मग?"

"मग काय? मावशी तर म्हणायच्या, आमचे मालक पोरासाठी सोमवार धरतात. पाणीसुदा मोजून पितात. आमी आमच्या माणसांना तुमचं उदाहरण द्यायचो हो!"

सोमवारी मी दोन वेळा जेवतो, मध्ये चहा-बटर वेगळं. तेलकट कागद हातात तसाच धरून बसलो. ती हसली. मग म्हणाली, "भेटणाऱ्यांत तुमचं नाव मावशीनं पयल्या दिवशीच दिलंय. अडवणार न्हाईत तुमाला." दोन वर्षं माझं नाव तिथं होतं आणि मलाच माहीत नव्हतं. म्हटलं, झालं. मला त्याच्या नावानं खोटं सांगितलं, त्याला माझ्या नावानं. लई राग आला तिचा. पण जी नाही तिच्यावर रागवायचं कसं, तेही कळेना.

आत गेलो. मध्ये काच आणि दोन्हीकडं फोन. पोरगं वाळलेलं. आईसाठी डोकं भादरून घेतलेलं, मिशी काढलेली. मी ओळखलंच नाही, शेजारच्या खिडकीकडं बघत होतो. त्यानं काच वाजवली.

"आण्णा, गुडघा कसा हाय?"

माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"त्ये तेल लावताय न्हवं? निरगुडीचं. आयला सांगितलं हुतं मी. हितं एक म्हातारा हाय, त्येला लई गुण आला."

म्हणजे तेल खरं होतं. म्हातारा खरा होता. दोन वर्षं हा खरंच विचारत होता. माझ्या बाजूचं तेवढं तिला बनवावं लागलं, कारण माझ्याकडून नेण्यासारखं काही नव्हतंच. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तोवर तो बोलतच होता.

"आज तुमचा सोमवार. उन्हाचं कशाला आला उपाशीपोटी? मीबी धरतो, आण्णा. दीड वर्स झालं. म्हटलं, बाप आपल्यासाठी धरतोय तर आपुन का गिळायचं?"

हो म्हणालो असतो तर भागलं असतं. तोंडात भज्याची चव होती.

"मी धरत न्हाय," मी म्हणालो. "कधीच धरला न्हाय. आत्ता भाईर भजी खाऊन आलोय."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, फोन ठेवतोय.

"मग मी दीड वर्स कशापायी उपाशी ऱ्हायलो?"

"तुज्या आयला इचार," मी म्हणालो. नेहमीची सवय. घरात कुणी काही विचारलं की माझं हेच उत्तर. तोंडातून निघून गेलं. त्यानं हातानं डोकं चोळलं. मी काचेवर बोट टेकवलं, ते कशाला टेकवलं मलाही माहीत नाही. शिपाई ओरडला, वेळ झाली.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "फुडल्या सोमवारी या. खाऊन या."

रागानं म्हणाला, की कसं, ते मला अजून उमगलेलं नाही. त्यानंतर दोन सोमवार झाले, दोन्ही गेलो. खाऊनच गेलो. त्यानं उपास सोडला का, ते विचारायचं धाडस झालं नाही. केसचं बोलतो, गुडघ्याचं बोलतो. तिचं नाव दोघंही काढत नाही.