परभणीला समुद्र नाही

१४ जून, रविवार. हजर: ताई, दाजी, मी. गैरहजर: दाजींच्या पुस्तकातलं पहिलं उदाहरण.

परभणीला समुद्र नाही, याचं दुःख दाजींइतकं मनाला लावून घेतलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. इथल्या कॉलेजात त्यांनी उभा जन्म सार्वजनिक अर्थशास्त्र शिकवलं. त्या विषयाचा पहिलाच धडा असा की काही गोष्टी सगळ्यांच्या असतात. एकाने वापरल्या म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाहीत आणि त्यांच्यापासून कुणाला अडवताही येत नाही. पुस्तकांतून त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे दीपगृह. नोकरीच्या पहिल्याच वर्षी दाजींनी ते फळ्यावर काढलं, लाटा आणि बोटीसकट. मागच्या बाकावरून गंगाखेडचा एक मुलगा उठला आणि अदबीने म्हणाला, "सर, समुद्र परीक्षेला हाय का?"

तेव्हापासून दाजी परभणी जिल्ह्यात दीपगृह शोधताहेत, म्हणजे पोरांना डोळ्यांनी दाखवता येईल असं सगळ्यांचं काहीतरी. पुण्याहून मोठ्या जागेसाठी बोलावणं आलं, तर तिथं तरी कुठं समुद्र आहे म्हणून गेले नाहीत. एकदा दिवेलागणीला अख्खा वर्ग घेऊन पोखर्णीला रस्त्यावरचा दिवा दाखवायला गेले. तिथल्या एका गृहस्थाने दिव्याला पत्रा ठोकून सगळा उजेड आपल्या गोठ्यावर वळवून घेतला होता. दाजींचा चेहरा पाहून तो बिचारा लगबगीने शिडी घेऊन आला. "तुमच्याकडं फिरवू का, सर?" मग दाजींनी उदाहरणाला बसस्टँडजवळच्या लिंबाची सावली धरली. जाऊन बघतात तर अर्ध्या सावलीवर एका मावशींनी रुमाल टाकलेला. "बसा की, पर तिकडं," मावशी उन्हाकडे हात करून म्हणाल्या, "हितं आमची मान्सं यायलीत." दुसरा कुणी चिडला असता. दाजी नाचत घरी आले. सावलीवर रुमाल टाकणारी माणसं जगात दुसरीकडे नाहीत, यावर स्वतंत्र प्रकरण हवं, असं ताईला पोळ्या लाटू न देता सांगत बसले. अशी फसलेल्या उदाहरणांची प्रकरणं वाढत गेली, पुस्तक उशीएवढं जाड झालं आणि पहिल्या पानावरची जागा रिकामीच राहिली.

महिनाअखेर दाजी निवृत्त होताहेत. त्या दिवशी पोरांच्या हातात आपलं पुस्तक ठेवायचं, एवढी एकच त्यांची हौस. टायपिंग, मुद्रितं आणि छापखान्याचे फोन माझ्याकडे आहेत. उद्या सकाळी मजकूर गेला नाही तर पुस्तक वेळेत होत नाही, हे मी आज स्पष्ट सांगितलं.

"समुद्र तर समुद्र," ताई म्हणाली. "पुस्तक होऊ द्या बरं आता."

दाजींनी पहिलं पान पुढ्यात ओढून घेतलं. मग म्हणाले, "घाला दीपगृह. खाली टीप द्या, लेखकाने पाहिलेलं नाही."

चप्पल पायात सरकवून ते बाहेर पडले. कोपऱ्यावर वळताना त्यांनी विजेच्या खांबाकडे वर मान करून पाहिलं.

बाकीची पानं लावून ठेवली आहेत. दीपगृहाची ओळ टाइप करायची राहिली आहे.