अन्वीची आई इंग्रजी शिकते

“अन्वी वर्गात तोंडच उघडत नाही. असंच राहिलं तर तिला पुन्हा केजी टूमध्येच बसवावं लागेल,” सुपरवायझर मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, “आंटी, इनको समझाओ.”

मी इथे आखातात, मुसफ्फातल्या एका इंडियन शाळेत नॅनी आहे. नॅनी म्हणजे आया. पोरांना बाथरूमला न्यायचं, डबे उघडून द्यायचे, बसमध्ये बसवायचं. माझं शिक्षण चौथी. पण इतकी वर्षं कानावर पडून शाळेपुरतं इंग्रजी मला कळतं. मी अन्वीच्या आईला, शीतलला, मराठीत सांगितलं.

शीतल चिपळूणकडची. नवरा वर्कशॉपमध्ये फोरमन. ती घाबरली. “मावशी, विचारा ना, मी काय करू?”

मॅडमचं उत्तर तयार होतं. “घर में इंग्लिश बोलिए.”

शीतलने ते शब्दशः पाळलं. येत होतं तेवढं इंग्रजी घरात सुरू केलं. कम. ईट. ब्रश. स्लीप. गोष्टी बंद, लाड बंद, भांडणसुद्धा बंद. अन्वी आधी डबा खाताना माझ्याशी तरी मराठीत बडबडायची. तेही थांबलं.

आमच्याकडे शनिवारी पालकांसाठी इंग्रजीचा क्लास असतो. खोली उघडायची आणि पोरं सांभाळायची ड्यूटी माझी. शिकवते लिसी टीचर, केरळची, तोंडाने तिखट. शीतल पहिल्यांदा आली तेव्हा टीचरने तिला विचारलं, “कल बेटी से क्या बात किया?”

“ईट. ब्रश. स्लीप.”

“और वो क्या बोली?”

“ओके.”

“तुम मम्मी है या सिक्युरिटी गार्ड?”

बाया हसल्या. शीतल रडायला लागली. टीचरने तिला रडू दिलं. मग म्हणाली, “घर में मराठी बोलो, खूब बोलो. जो बच्चा घर में बोलेगा, वो इधर भी बोलेगा. इंग्लिश तुम हमसे बात करने के लिए सीखो.”

शीतलने घरात पुन्हा मराठी सुरू केलं आणि शनिवारी इंग्रजीशी झुंजायला लागली. टॅक्सी मिळाली नाही तर उन्हातून चालत यायची. चुकीचं बोलायची, बाया हसायच्या, ही पुढचं वाक्य बोलायची. हे मला जमलं नसतं.

मार्चमध्ये निकालाची मीटिंग झाली. मी सवयीने शीतलशेजारी जाऊन उभी राहिले. मॅडम पुस्तकातल्या चित्रांवर बोट ठेवून अन्वीला “व्हॉट इज धिस?” विचारत होत्या, ती एकेका शब्दात उत्तर देत होती.

“मावशी, तुम्ही बसा,” ती म्हणाली. मग मॅडमना, “मॅडम, यू आस्क, व्हॉट इज धिस. शी से वन वर्ड, फिनिश. प्लीज आस्क, देन व्हॉट हॅपन.”

मॅडमच्या भुवया वर गेल्या. पण त्यांनी पुस्तकाचं पुढचं पान उघडलं. मांजर, बाई, माशाची थाळी. “देन व्हॉट हॅपन्ड, अन्वी?”

अन्वीने आईकडे बघितलं.

“सांग की, घरी सांगतेस तसं,” शीतल म्हणाली.

“द कॅट एट द फिश. आंटी गॉट अँग्री. मग ते... इट वेंट अंडर द सोफा. आंटी सेड, यल्ला, कम आउट! कॅट सेड, नो!”

शब्द तिच्याजवळ होतेच, वर्गात ऐकलेले; ‘यल्ला’, म्हणजे चल लवकर, हा तर इथल्या अरबीतला. मॅडम “अँड देन?” म्हणाल्या आणि फसल्या. पोरगी थांबेना. शेवटी त्यांनीच हात वर केले, “ओके, ओके, खलास!”

अन्वी पहिलीत गेली. शीतल अजून शनिवारी येते. वाक्यं अजूनही मोडकी आहेत. पण काही विचारायचं असलं तर मला शोधत नाही, सरळ मॅडमच्या केबिनमध्ये जाते.

पोरीला इंग्रजी शिकवायला शाळा होती. पोरगी कशी आहे हे शाळेला सांगायला आईच लागते, आणि ते शाळेला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं.