वर्दी उशिरा का येते

आमची खोली अंधेरीला बंबखान्याच्या मागच्या इमारतीत होती. खाली गाड्या उभ्या असत आणि घंटा झाली की आमच्या फळीवरची भांडी हलत. लग्न होऊन आले तेव्हा मी दचकायची. पुढे सवय झाली. आगीचा निरोप आला की बंबखान्यात त्याला वर्दी म्हणतात. वर्दी आली, वर्दीवर गेलो, वर्दीवरून आलो, असं ह्यांचं बोलणं असायचं. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी हातातलं काम तसंच धरून बसायची.

ऐंशी सालानंतर थोड्याच वर्षांनी एका गोदामाच्या आगीत हे शिडीवरून पडले. हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकेना. शिडी बंद झाली. हलकं काम म्हणून ह्यांना फाटकावर बसवलं.  घंटा झाली की मात्र उठायचे, दोन पावलं टाकायचे आणि मग आठवण झाल्यासारखे थांबायचे. खिडकीतून मला ते दिसायचं. त्यांनी वर बघायच्या आत मी तोंड फिरवायची.

मग त्यांना कुणीतरी पार्ल्याच्या एका कॉलेजातल्या संध्याकाळच्या वर्गाबद्दल सांगितलं. अग्निशमन सेवेचं व्यवस्थापन असा विषय होता. तो पास झालेल्या माणसाला बंबखान्यातल्या नव्या पोरांना शिकवायच्या कामावर घेत होते. म्हणजे पुन्हा गाडी, शिडी, पाण्याचे पाइप, सगळं हाताशी. ह्यांना तेवढंच हवं होतं. लेखी परीक्षा ते पास झाले. शेवटी एक प्रबंध लिहायचा होता. त्यावर तोंडी परीक्षा, आणि वर्गाच्या सरांनी तो मान्य केला तर पास, नाहीतर सगळं फुकट. मराठीत लिहिलेला चालणार होता.

मी चौथी शिकलेली. प्रबंध हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माझं काम एवढंच होतं की ह्यांनी लिहिलेलं चांगल्या अक्षरात उतरवून द्यायचं. ह्यांचं अक्षर म्हणजे ह्यांचं ह्यांनाच लागायचं नाही. माझं अक्षर गोल होतं, त्याचं मला मनातून कौतुक होतं. पण तसं कधी कुणाला बोलले नाही.

ह्यांनी विषय घेतला, ‘वर्दी उशिरा का येते’. आग लागल्यापासून बंबखान्याला कळेपर्यंत जो वेळ जातो, त्यातच अर्धी वस्ती जळते, असं त्यांचं म्हणणं होतं. लिहिलं मात्र बंबखान्यात लिहितात तसं. वर्दी मिळाली. गाडी रवाना. झोपड्या पेटलेल्या होत्या. वर्दी उशिरा मिळाली, कारण टेलिफोनचा अभाव. आग विझवली. परत. अशा पाच-सहा आगी एकाखाली एक, आणि झाला प्रबंध. मी तो एका दुपारीत उतरवून दिला.

सरांनी तो परत पाठवला. जिथे जिथे ‘टेलिफोनचा अभाव’ लिहिलं होतं, तिथे तिथे तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द होता, ‘कशावरून?’

हे भडकले. “कशावरून म्हणजे काय? मी तिथे होतो! आगीवरून आलेल्या माणसाला आमच्यात कुणी कशावरून विचारत नाही.”

मला हसू आलं. पदर तोंडाला लावला, पण त्यांनी पाहिलं आणि तेही हसायला लागले. त्या दिवसापासून घरात तो खेळच झाला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले की मी हळूच विचारायची, “कशावरून?”

पुढच्या वर्गाला सरांनी त्यांना समजावून सांगितलं. ते घरी आले की सगळं मला सांगायचे. मला सांगितलं की डोक्यात बसतं, असं म्हणायचे. खरं म्हणजे मला बरं वाटावं म्हणून सांगत असावेत. “सर म्हणाले, टेलिफोन नव्हता हे तुम्ही पाहिलंत. पण असता तर त्या बाईने लगेच केला असता, हे कोणी सांगितलं तुम्हाला? तिला विचारलंत?” मग म्हणाले, “अगं, आम्ही पोचतो तेव्हा माणसं ओरडत असतात आणि निघतो तेव्हा रडत असतात. विचारणार कधी?”

टेकडीखालच्या वस्तीत आधीच्या उन्हाळ्यात आग लागली होती. तिथेच विचारायचं ठरलं. प्रश्न ह्यांनी काढले, मी कागदावर उतरवले. हे ड्यूटीवरून तसेच गेले, खाकी कपड्यात, टोपी घालून, हातात कागद. परत आले ते खुशीत होते. सगळ्या घरांनी उत्तरं दिली होती. आग दिसली की काय करता? लगेच बंबाला कळवतो साहेब. स्टोव्ह कसा वापरता? नीट वापरतो साहेब. रॉकेल कुठे ठेवता? लांब ठेवतो साहेब.

शेजारची वहिनी तेव्हा आमच्याकडे विरजण न्यायला आली होती. तिचा नवराही बंबावरच होता. तिचं माहेर नांदेडकडचं, आणि जीभ अशी की बंबखान्यातले साहेबही तिला टरकून असत. ती कागद ऐकून म्हणाली, “भावोजी, टोपी घालून गेलात ना? मग बाया दुसरं काय सांगतील? ओवाळलं नाही हेच नशीब. तुम्ही गल्लीत शिरलात आणि रॉकेलचे डबे पडद्यामागे गेले असतील.”

ह्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. बंबखान्यात साहेब पाहणीला आला की सगळं ठीक आहे असंच सांगायचं असतं. त्यांनीही जन्मभर तेच सांगितलं होतं.

“हिला पाठवा ना,” वहिनी म्हणाली.

“हिला?” हे म्हणाले. “ही दूधवाल्याला पाणी का घातलं म्हणून विचारत नाही.”

खरं होतं, म्हणून लागलं. मी म्हटलं, “जाते.”

वहिनी बरोबर आली म्हणून गेले. वस्तीत तिच्या ओळखीची एक मावशी होती, मालवणकडची, मासे विकायची. तिच्या दारात आम्ही बसलो. कागद माझ्या पिशवीत होता. तो बाहेर काढायचा आणि वाचून विचारायचं, एवढंच काम, पण माझा हात पिशवीकडे जाईना. मावशी लसूण सोलत होती. मी तिच्यापुढची मूठभर लसूण ओढून घेतली आणि सोलायला लागले. वहिनी बोलत राहिली. आणखी दोघीतिघी येऊन बसल्या. आगीचा विषय मी काढलाच नाही, तो आपोआप निघाला. त्या वस्तीत कुठलंही बोलणं फिरून तिथेच येत असे.

“वाण्याकडे फोन आहे की,” एक म्हणाली. “पण त्याला कुलूप. किल्ली त्याच्या कंबरेला, आणि तो जेवायला घरी.”

दुसरी म्हणाली, “बंब आला की मागनं म्युनिसिपालटी येते. झोपडी कुणाची, कागद कुठे? त्यापेक्षा आपण बादल्या मारलेल्या बऱ्या.”

तिसरी नवी सून होती. ती म्हणाली, “मी सासूला विचारल्याशिवाय भाजी फोडणीला टाकत नाही. बंब कुठून बोलावू?” सगळ्या हसल्या. तिची सासू तिथेच बसली होती, तीही हसली.

मी मग वरचेवर जायला लागले. कधी वहिनीबरोबर, पुढे एकटी. घरी येऊन ह्यांना सगळं सांगायची आणि ते लिहून घ्यायचे. इतकं बोलायची सवय मला नव्हती. एकदा हे म्हणाले, “सावकाश सांग गं, हात दुखतोय.” मला ते फार आवडलं.

एका दुपारी मावशी एकटीच होती. बोलता बोलता तिने सांगितलं की आग तिच्या शेजारच्या भिंतीपाशी सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी तिनेच पाहिली होती. ओरडायच्या आधी ती आत गेली. मुलीच्या लग्नाची ट्रंक होती, ती ओढत बाहेर काढली. मग पुन्हा आत गेली, भांड्यांसाठी. मग ओरडली. तोवर शेजारचं घर गेलं होतं. माणूस कुणी गेलं नाही, पण शेजारणीचं सगळं गेलं. “तिका अजून ठावूक नाय,” मावशी म्हणाली. “ती माझ्याकडे बसाक येता.”

मी तिचा हात धरून बसले.

ते मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ते फार सुंदर लिहिलं. आधी बंबखान्याच्या वहीसारखं तुटक लिहिणारे हे, त्यांनी त्या बाईची ट्रंक, तो उंबरा, सगळं असं लिहिलं की उतरवताना माझे डोळे भरले. नाव घातलं नव्हतं. वर्दी उशिरा का येते ह्याचं खरं उत्तर तेच होतं. माणूस आधी आपलं वाचवतो, आणि तेवढा वेळ आगीला मिळतो. बाकीची उत्तरं त्याच्या आजूबाजूची होती.

सरांनी ह्या वेळी मलाही बोलावलं. पार्ल्याला त्यांच्या घरी गेलो. खुर्चीच्या कडेवर बसून मी चहा घेतला आणि बशीकडे बघत राहिले. सर वयस्कर होते, मऊ बोलायचे. म्हणाले, “आता मला कशावरून विचारावं लागत नाही. फार चांगलं झालंय.” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही ऐकत होतात तेव्हा, हे लिहिलं जाणार आहे असं त्या बायकांना सांगितलं होतंत?”

मी मान हलवली. नाही.

“मग सांगावं लागेल. त्यांना विचारावं लागेल. ज्या नको म्हणतील त्यांचं काढावं लागेल.” आणि ह्यांना म्हणाले, “महिनाअखेर द्यायचंय. वेळ आहे.”

परत येताना हे एकच बोलले, “विचारलंच नाही तर त्यांना कळणार कसं?” थोडं चालून स्वतःच म्हणाले, “तसं नको.”

माझ्या आयुष्यात मला कशाची भीती वाटली असेल तर त्या आठवड्याची. गप्प बसून ऐकणं सोपं होतं. आता दारात उभं राहून सांगायचं होतं की तुम्ही बोललात ते मी घरी नेलं. सून म्हणाली, “लिहा की, सासूबाईंचं नाव घाला!” वाण्याच्या कुलपाबद्दल बोललेली म्हणाली, “मोठ्या अक्षरात लिहा.” म्युनिसिपालटीबद्दल बोललेलीने दोन दिवस घेतले आणि गल्लीचं नाव काढायला लावलं. सगळ्यांचं झालं. मावशीकडे मी शेवटी गेले.

तिने ऐकून घेतलं. माशांची पाटी धूत होती, ती धूतच राहिली.

“तां लिव नको गो,” म्हणाली. “नाव नाय घातलंस तरी वळखतले. ट्रंक कोणी काढल्यान, ता सगळ्यांनी बघितलेला आसा. कधी काढल्यान, ताच फक्त ठावूक नाय.”

मी म्हटलं, “नाही लिहिणार.”

“घोवाक तुझ्या नोकरी गावायची होती ना त्याच्यावर?”

मी म्हटलं, “त्यांचं ते बघतील.”

वाटभर ह्यांना कसं सांगायचं ते ठरवत आले आणि घरी येऊन काहीच न ठरवता सांगितलं. हे गुडघ्याला तेल लावत बसले होते. त्यांनी तेलाचे हात पुसले. मग ती पानं मागितली. ट्रंकेची पानं वेगळी काढली, चार तुकडे केले आणि मला म्हणाले, “पाणी तापव, ह्यानेच.” मी ती बंबात घातली. म्हणजे आमच्या पाण्याच्या बंबात. दोघांनाही तेव्हा हसावं की रडावं ते कळलं नाही.

हे प्रबंध द्यायला गेले तेव्हा तो मला अर्धा वाटत होता. तोंडी परीक्षेच्या दिवशी हे उशिरा आले. मी विचारलं नाही. त्यांनी हातपाय धुतले, जेवले, ताक मागून घेतलं.

“सरांबरोबर बाहेरचे एक परीक्षक होते,” मग म्हणाले. “म्हणाले, इतकी कारणं दिलीत, पण मधे कुठेतरी पोकळी वाटते. मी म्हटलं, आहे. एकीने सांगितलं होतं, लिहू नका म्हणाली, म्हणून लिहिलं नाही.”

“मग?”

“मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं गेलं. सर म्हणाले, तेवढं तरी लिहा. एवढं एक वाक्य घालून आणा, मान्य आहे.” त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. “शिकवायला जाईन गं मी आता.”

वाक्य असं होतं, ‘एका व्यक्तीने महत्त्वाची माहिती दिली, परंतु ती लिहू नये अशी इच्छा व्यक्त केल्यामुळे येथे दिलेली नाही.’ मी ते चांगल्या अक्षरात उतरवलं. शाई वाळली तेव्हा मनात आलं की हेसुद्धा तिचंच आहे. म्हणून पान घेऊन पुन्हा वस्तीत गेले. ह्या वेळी वहिनीला सांगितलंही नाही.

मावशीला वाचता येत नव्हतं. मी दारात बसून वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पुन्ना वाच.” मी पुन्हा वाचलं.

“व्यक्ती म्हणजे मी?”

“हो.”

“बाई म्हणान पण नाय?”

“नाही. व्यक्ती.”

तिने ते दोनदा तोंडात घोळवून बघितलं. मग हात पुसून ती थोडी सरकली आणि मला बसायला जागा केली.

“आसांदे,” म्हणाली.