अंगठ्याचं नख

शेतकरी त्यांना डॉक्टर म्हणायचे. राजारामपुरीतल्या एका खोलीत ते सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं जिवाणू खत तयार करायचे आणि त्याची पाकिटं माझ्या दुकानात विकायला ठेवायचे. उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असायचं. सोयाबीनच्या मुळावरची जिवाणूंची गाठ त्या नखानं चिरून समोरच्याच्या नाकापुढं धरायचे. "आत तांबडं हाय न्हवं? म्हंजे जिवाणू राबत्यात. हवेतला नायट्रोजन धरायला त्यास्नी एन्झाइम लागतंय, आन् त्यात लोखंड लागतंय, मॉलिब्डेनम लागतंय. ते न्हाय मिळालं तर नुसतं बसून खात्यात की."

मॉलिब्डेनमची पूड ते स्वतःच्या हातानं खतात मिसळत. एका वर्षी ती पूड बाजारात मिळालीच नाही, पण पाकिटं वेळेवर आली. मी विचारलं तर म्हणाले, "जमिनीत असतंय की थोडं."

श्रावणात कोडोलीहून बोलावणं आलं, मीही डॉक्टरांबरोबर गेलो. पिवळ्या पडलेल्या सोयाबीनमध्ये शेतकरी उभे होते. डॉक्टरांनी रोप उपटलं, गाठ चिरली. त्यांच्या खांद्यावरून मला ती दिसली. आतून पांढरीफटक होती. ती कुणाच्या नाकापुढं न धरता त्यांनी गाठीसकट अंगठा मुठीत दाबला.

"तांबडं हाय," ते म्हणाले. "पाणी जास्त झालंय रानात."

"तुम्ही म्हणताय म्हंजे असंल," एक म्हातारा म्हणाला. नखं शेतकऱ्यांनाही होती, पण दुसरं रोप कुणीच उपटलं नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर दुकानात आले. मी चहा पुढं केला. कप धरताना दिसलं, अंगठ्याचं नख पार मांसापर्यंत कापलेलं होतं.