समोरच्या पलंगावरचं ताट

त्या दिवसांत मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं होतं. रागाने नव्हे, मागावं असं काही उरलंच नाही असं वाटायचं. बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली, आणि आम्ही त्यांना शिंदे की छावनी या आमच्या मोहल्ल्यातल्या घरून रुग्णालयाच्या वृद्धांच्या वॉर्डात आणलं. त्यांना गिळता येत होतं, तपासणीत तसं दिसलं होतं. पण ते तोंडच उघडत नव्हते. घास पुढे केला की डावा हात उचलून समोर कुठेतरी दाखवायचे आणि मान फिरवायचे. डॉक्टर भले होते. "देखिए, अब खाने के लिए नली डालनी पड़ेगी," ते म्हणाले, "पर बाबूजी में अब ताक़त बहुत कम है."

वॉर्डाची घडी तेव्हा विस्कटलेली होती. दोन जुने वॉर्ड एकत्र करून नव्या इमारतीत हलवले होते. पूर्वी आमच्या मराठी लोकांची एक सेवाभावी संस्था रुग्णालयाबरोबर काम करायची. ज्यांचं कुणी नाही अशा म्हाताऱ्यांना संस्थेच्या बायका रोज येऊन भरवायच्या. एकत्रीकरणात जुना करार संपला, नवा व्हायचा होता, आणि तोवर बाहेरच्यांना वॉर्डात काम करायची मनाई होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ताटं यायची, पलंगाशेजारी ठेवली जायची, आणि ज्याला हात उचलता येत नाही त्याचं ताट तसंच परत जायचं. समोरच्या पलंगावर भिंडकडचे एक म्हातारे होते, सगळे त्यांना दद्दा म्हणायचे. त्यांचे दोन्ही हात थरथरायचे. त्यांचं भरलेलं ताट परत जाताना मला रोज दिसायचं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बाबांनी नया बाज़ारच्या कापडाच्या दुकानात उभं राहून मला शिकवलं. मेहनत केली की सगळं जमतं, हे मी शाळेत मुलांना सांगत आले होते. म्हणून वॉर्डातली ताटं यायच्या आधीच मी घरून मऊ खिचडी न्यायचे, बाबांचं आधी होऊ दे म्हणून. त्यांचं लक्ष इकडेतिकडे जाऊ नये म्हणून पलंगाभोवतीचा पडदाही ओढून घ्यायचे. धाकटा भाऊ एकदा वैतागला. "ताई, मान ले अब. बाबांनाच नाही जगायचं. तू उगाच ज़बरदस्ती करून राहिलीस."

"तू जा, चहा पिऊन ये," मी म्हटलं. पण तो गेल्यावर मला रडू आलं. मनात दत्तगुरूंना म्हटलं, मला आता काही कळत नाही, तुम्हाला काय करायचं ते करा. प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. दमलेला माणूस हातातलं ओझं खाली ठेवतो, तसं होतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळी घालायची ठरली. मी शेवटचा प्रयत्न म्हणून चमचा धरून बाबांना विनवत बसले होते, तेवढ्यात पडद्यातून एक वयस्क बाई डोकावल्या. संस्थेची पातेली परत न्यायला त्या आल्या होत्या; माझं मराठी ऐकून थबकल्या.

"अगंबाई, हे तर आपल्या दत्तमंदिरातले वाढपी. आणि तू यांना सगळ्यांच्या आधी भरवतेस?"

मी चमचा खाली ठेवला.

"पोरी, उत्सवात शेवटची पंगत उठल्याशिवाय हा माणूस कधी जेवलाय का? आम्ही जेवून विड्याचं पान लावायचो, तरी हे विचारत फिरायचे, कोणी राहिलं का. सरकव तो पडदा."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. उत्सवाच्या दिवशी बाबा उन्हं कलल्यावर जेवायचे, हे लहानपणापासून पाहिलेलं. पण वॉर्डातलं हे जेवणही त्यांच्या लेखी पंगतच आहे, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

मी पडदा सरकवला. तेवढ्यात वॉर्डातली ताटं आली, आणि बाई दद्दांचं ताट घेऊन त्यांच्या पलंगावर टेकल्या. सिस्टर धावत आल्या. "अम्मा, काम करने की परमिशन नहीं है."

"काम कौन कर रहा है, बेटा? मैं तो मिलने आई हूँ. खाली हाथ कैसे बैठूँ?"

सिस्टर हसल्या आणि दुसरीकडे पाहू लागल्या. मी शेजारच्या आजोबांना भरवायला घेतलं. बाबांची नजर एका पलंगावरून दुसऱ्यावर जात होती. ताटं उचलली गेली तशी मी परत आले, तर त्यांनी डावा हात माझ्याकडे केला. मीही जेवायची राहिले होते. तिथेच उभ्याने चार घास खाल्ले. मग बाबांनी तोंड उघडलं.

नळी टळली. बाई म्हणाल्या, त्या खरं तर दुसऱ्या दिवशी येणार होत्या, पण भाच्याची गाडी रिकामी मिळाली. हा योगायोग की दत्तगुरूंची करणी, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. पुढे आम्ही नातेवाईक एकमेकांच्या माणसांना भरवू लागलो, आणि नवा करार झाल्यावर संस्थेच्या बायकाही परतल्या.

बाबा वाचले नाहीत. काही आठवड्यांनी दुसरा झटका आला. त्यानंतरच्या शेवटच्या सकाळी वॉर्डातल्या सगळ्यांचं खाणं झालं होतं; माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं, पण ते माझ्याकडे हात करून थांबले होते. मी खाल्लं. मग त्यांनी दोन चमचे भात घेतला आणि डोळे मिटले.

त्यांचा जीव वाचावा एवढंच मला हवं होतं, ते झालं नाही. पण माझे बाबा त्यांच्या रीतीने, सगळ्यांचं झाल्यावर, जेवून गेले. एवढं मला मागायला सुचलं नसतं. आता संध्याकाळी दिवा लावते तेव्हा काही मागत नाही, नुसती हात जोडून बसते.