अक्कांचं अळणी ताट

अक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. मद्रासला आमचं बिऱ्हाड त्यांच्या माडीवर पहिल्यांदा चढत होतं, तेव्हा ट्रंका, वळकट्या आणि मी जिन्याच्या तोंडाशीच अडलो. खालच्या पायरीवर एक बुटकी, काळसर, रिकाम्या हातांची बाई बसली होती. "या, बसा" असं काहीही न म्हणता तिने माझ्या पातळाचा काठ चार बोटं वर सारला आणि नडगीवर अंगठा दाबला. दाबून धरला, उचलला, खळगा पडतो का ते निरखलं, आणि मग म्हणाली, "बरं आहे. जा वर." ह्यांना हसू आवरेना. "सुटलीस बाई जकात नाक्यावरून," असं ते वर गेल्यावर म्हणाले.

घर अक्कांच्या यजमानांचं, नुंगंबाक्कमच्या तळ्याच्या अंगाला. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाली अक्का एकट्या, वर आम्ही दोघं. ह्यांची केंद्र सरकारच्या कचेरीत बदली झाली म्हणून आम्ही साताऱ्याहून तिथे येऊन पडलो होतो. अक्का तंजावरकडच्या. त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी महाराष्ट्र पाहिला नव्हता, पण घरात बोलायचं ते मराठीच. त्या मराठीने मला आधी नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. सगळं म्हणायचं तिथे त्या "अस्कं" म्हणत, आणि वाक्य असं वर चढवून सोडत की शेवटी तमिळच ऐकल्यासारखं वाटे. मी मॅट्रिक झालेली, फार शहाणी. त्यांची नक्कल करून मी ह्यांना हसवत असे. पण त्या वस्तीत माझ्याशी मराठीतून चार शब्द बोलणारं दुसरं होतं कोण? भाजीवालीशी भांडायला लागणारं तमिळही त्यांनीच मला शिकवलं.

"दाखीव पाय," हा त्यांचा नमस्कार. दूधवाली, पोस्टमन, समोरच्या घरातली पोटुशी सून, कुणाचीच सुटका नव्हती. गल्लीतली माणसं हसत हसत पाय पुढे करत आणि पाठ फिरली की डोक्याजवळ बोट फिरवत. मीही तेच केलं असतं. पण मला दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यात एका दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी मला कमळेचं सांगितलं.

कमळा त्यांची एकुलती एक मुलगी. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. आठव्या महिन्यात तिच्या अंगावर सूज चढली. "आम्ही म्हटलों, अंग भरलं. जोडवीं रुतलीं, तर मी अस्क्यांना बोलावून दाखविलीं. पाहा गे, माझी लेक कशी दिसते!" नवव्या महिन्यात एका सकाळी कमळेला आकडी आली. हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरलेले. ती जमिनीवर आपटत राहिली, बांगड्या फुटत राहिल्या आणि काच हातात घुसत राहिली. वैद्य येईतो ती गेली, पोटातलंही गेलं. "मी काच वेचत बसलें होतें," अक्का म्हणाल्या, आणि शेंगांची परात घेऊन आत गेल्या. त्यानंतर मी त्यांची नक्कल केली नाही.

माझी आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला सासूबाई साताऱ्याहून आल्या. सातव्या महिन्यात गल्लीतल्या बायकांनी त्यांच्या रीतीप्रमाणे माझे हात भरायचे ठरवले. तिकडे त्याला वळैकाप्पु म्हणतात. हिरव्या-तांबड्या बांगड्या मनगटापासून कोपरापर्यंत चढवायच्या आणि त्या बाळंतपण होईतो उतरवायच्या नाहीत. सासूबाईंना ही रीत फार आवडली. आपल्या डोहाळजेवणाला शेजारणीचं ठिगळ बरं शोभलं, असं त्या म्हणाल्या. अक्का विधवा, म्हणून त्या पुढच्या खोलीत आल्या नाहीत. पहाटेपासून खपून पाच प्रकारचे भात त्यांनीच केले होते, पण स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. कासारीण माझा हात दाबून बांगडी चढवू लागली तेव्हा दाराआडून आवाज आला, "सैल भर गे. एक माप मोठं घे." बायका हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "अहो, मनगट नाजूक आहे, घट्टच शोभतात. सैल काय, म्हातारीचे हात आहेत?" अक्का पुन्हा बोलल्या नाहीत. शुभ कामात विधवेने दोनदा तोंड घालायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आठव्या महिन्यात त्यांच्या अंगठ्याचा खळगा माझ्या नडगीवर तसाच राहिला. अक्कांनी तो मला दाखवला, सासूबाईंना दाखवला, ह्यांना कचेरीतून आल्याबरोबर जिन्यात गाठून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, लघवी तपासली आणि गंभीर झाल्या. मीठ बंद. पडून राहायचं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काही चमकलं, तर एक क्षण न थांबता इस्पितळात. हे सगळं त्यांनी तमिळमधून सांगितलं आणि अक्कांनी मला एकेक शब्द मराठीत दोनदा ऐकवला.

पहिलं अळणी जेवण माझ्याने गिळवेना. ताटावर बसून मी रडले. अक्का खाली गेल्या, स्वतःचं ताट घेऊन वर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. दिवसातून एकदाच जेवणारी ती बाई, तिच्या भातातही मीठ नव्हतं, सारातही नव्हतं. "तुझं बाळ माझ्या मांडीवर आलं कीं मीठ खाईन," त्या म्हणाल्या. "तंवर तूं आणि मी एक. जेव, कुसुम." रोज दुपारी त्या तसं ताट घेऊन येऊ लागल्या. मला त्यांची लाज वाटे म्हणून मी जेवत असे.

आता माझं सांगते. खालच्या पडवीत दोन्ही घरांच्या लोणच्यांच्या बरण्या एकाच फळीवर असत. अक्कांच्या बरणीत मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या बोराएवढ्या कैऱ्या होत्या. मला त्यांचेच डोहाळे लागले. झोपेत सुद्धा तोंडाला पाणी सुटे. डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाचे कान फुटतात, ही सासूबाईंची पक्की समजूत. त्यांनी पाच मुलं वाढवली होती, त्यांना डॉक्टरीणबाई काय सांगणार? दुपारी अक्का जेवून खाली गेल्या की त्या पदराखालून वाटी काढत. "एवढ्याने काय होतंय, खा." आणि मी खाल्लं. कुणी तोंडात कोंबलं नाही माझ्या. खाऊन झाल्यावर मी वाटीतलं खारट पाणीही पीत असे. चार-पाच दिवसांनी अक्कांनी पाय दाबला. खळगा जास्तच खोल होता. "मीठ खाल्लंस काय गे?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही."

नववा लागला आणि एका शुक्रवारी सकाळी माझं डोकं फुटायला आलं. बरगड्यांखाली कळ, डोळ्यांपुढे काजवे. हे कचेरीत गेलेले. सासूबाई म्हणाल्या, पित्त आहे. आलं-लिंबू दिलं, ते उलटून पडलं. तेव्हा त्याही घाबरल्या, पण घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "इथल्या लोकांचा तो राहुकाळ लागलाय ना आत्ता? बारापर्यंत थांबू. उगीच विषाची परीक्षा कशाला?" दोन महिने त्या राहुकाळाची टिंगल करत होत्या. भीती वाटली की माणूस मिळेल ते धरतं. आणि अक्का तर जन्मभर राहुकाळ पाळणाऱ्या. त्या वेळात त्या नवी वातसुद्धा वळत नसत.

माझं ओकणं ऐकून अक्का वर आल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माझे पाय पाहिले नाहीत. सरळ डोळ्यांत पाहिलं. मग हात उचलला. बोटं सुजून निळी पडली होती आणि बांगड्या मांसात गेल्या होत्या. अक्कांनी खिडकीतून समोरच्यांना ओरडून घोडागाडी आणायला सांगितलं आणि आमच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला. स्वतःच्या पदराची घडी माझ्या कातडीत आणि काचेत सरकवून त्या एकेक बांगडी कटकन तोडू लागल्या.

सासूबाई किंचाळल्या. "अहो, काय करता! सवाष्णीचा चुडा आहे तो! तुमच्या हातांनी..."

"ओरडा तुम्ही," अक्का मान वर न करता म्हणाल्या, "पण हिचा हात घट्ट धरा. आकडी आली कीं हें अस्कं आंत जाईल." सासूबाईंनी रडत रडत माझा हात धरला. मला एवढंच आठवतं, की खाली हिरव्या काचांचा ढीग होता आणि एकही तुकडा मला लागला नाही.

घोडागाडीतच मला आकडी आली. ते मला नंतर सांगितलेलं. मी डोळे उघडले ते तिसऱ्या दिवशी, इस्पितळात. पोट रिकामं होतं. मुलगा होता, मेलेलाच जन्मला. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई माझ्या उशाशी येऊन म्हणाल्या, "अर्धा तास उशीर झाला असता तर तूही गेली असतीस. तुला घेऊन आली ती बाई कोण?" मी म्हटलं, "घरमालकीण."

सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांचा पहिला नातू गेला होता आणि त्या दुःखाला टेकायला कुठेतरी भिंत हवी होती. "विधवेने चुडा फोडला, वर राहुकाळात बाहेर काढलं. दुसरं काय होणार?" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. हे खाली मान घालून ऐकत. मला कैऱ्या माहीत होत्या. सासूबाईंनाही माहीत होत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

चौथ्या दिवशी अक्का आल्या. सासूबाईंनी त्यांना वॉर्डाच्या दारातच थोपवलं. "झालं ते पुरे झालं. आता आत येऊ नका." मी जागी होते. अक्कांनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "पायाची सूज उतरली काय?" अक्का दारातून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी डोळे मिटून घेतले. त्या जाईपर्यंत मिटून ठेवले.

महिन्याभरात ह्यांनी गिंडीकडे दुसरं घर पाहिलं. सामान गाडीत चढत असताना मी सासूबाईंची नजर चुकवून खाली गेले. अक्का जेवायला बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी उष्टा हात बाजूला धरला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने माझी नडगी दाबली. खळगा नव्हता. "बरं आहे," त्या म्हणाल्या. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "अक्का, मी कैऱ्या खाल्ल्या होत्या. तुमच्या बरणीतल्या."

"माहीत आहे गे. बरणी उतरत होती, मला दिसत होतं." त्या ताटाकडे बघत बोलत होत्या. "मी ती फेकायला हवी होती. तुझी सासू काय म्हणेल म्हणून गप्प बसलें. कमळेच्या वेळीं कळत नव्हतं. ह्या वेळीं कळत होतं."

त्यांच्या ताटाजवळ मिठाची वाटी नव्हती. "अजून अळणीच?" मी विचारलं.

"सांगट्लं होतं ना," त्या म्हणाल्या. "दुसरं होईल तुला. मग खाईन."

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. त्या खेपेला मी मीठ जिभेला लावलं नाही, हातात मोजक्या सैल बांगड्या घातल्या आणि रोज सकाळी स्वतःची नडगी स्वतःच दाबली. अक्कांकडे जायचं माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. पण सासूबाई घरी होत्या. "त्या बाईच्या मांडीवर माझी नात द्यायची नाही," असं त्यांनी एकदा सांगितलं, आणि मी नेहमीसारखी गप्प बसले. सहा महिन्यांनी त्या साताऱ्याला गेल्या. मग मुलीला दात येत होते, मग ऊन फार होतं, मग ह्यांची कचेरीतली तपासणी होती. कारणं मिळत गेली. खरं कारण एकच, मला अक्कांच्या समोर उभं राहायची लाज वाटत होती.

मुलगी नऊ महिन्यांची झाल्यावर एका दुपारी तिला नवं झबलं घालून, पदराला मिठाची पुडी बांधून मी गेले. दार अक्कांच्या पुतणसुनेने उघडलं. अक्कांना जाऊन तीन आठवडे झाले होते. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं, माझ्या मुलीचा गालगुच्चा घेतला. पडवीतल्या फळीवर एकही बरणी नव्हती.

"शेवटीं शेवटीं कांही जात नव्हतं तोंडांत," ती सांगत होती. "कांजी केली तर म्हणायचीं, मीठ नको. आम्ही किती सांगट्लं. डॉक्टरने सांगट्लं. ऐकलंच नाहीं. म्हणायचीं, माडीवरची कुसुम बाळ घेऊन येणार आहे, मग खाईन."

गिंडीहून नुंगंबाक्कमला बस दर अर्ध्या तासाला होती.