एका गुणासाठी

एल्डन क्राउजनं ओहायोतल्या लोकांचे गळके नळ दुरुस्त करण्यात हयात घालवली, आणि जे उरलं त्याची सोन्याची नाणी घेतली. घ्यायचा ती विसाव्या शतकाच्या आरंभीची, पिसांचा मुकुट घातलेल्या मूळनिवासी सरदाराची पाच डॉलरची नाणी. या नाण्यावरचा सरदार वर उठलेला नसतो, आत खोदलेला असतो. त्याचा गाल शाबूत राहतो आणि भोवतालचा सपाट भागच आधी घासला जातो. त्यामुळे डाग नसलेलं नाणं सापडणं कठीण. त्यात १९०९ सालचं, न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतलं म्हणजे एल्डनचा जीव की प्राण.

परीक्षकांनी ते प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून वर दर्जा छापला होता, सत्तरपैकी चौसष्ट. एल्डनच्या मते ते पासष्टच होतं. त्यानं डबीसकट दोनदा फेरतपासणीला पाठवलं, दोनदा चौसष्टच आलं. तो जेवताना कुढायचा, चर्चमध्ये कुढायचा.

"बाईंनी मार्क कापलेल्या पोरासारखं तोंड झालंय तुझं," बायको व्हर्ना म्हणायची.

नाण्यांच्या क्लबातल्या ड्वेननं मात्र कॉफी ढवळत कान भरले. परीक्षक जुना आकडा बघूनच नवा देतात, तेव्हा डबी फोड आणि नाणं नुसतं पाठव. क्लबात असं बरेच जण करत. एल्डननं गॅरेजात पक्कड घेतली. कडकन आवाज झाला आणि प्लॅस्टिकची एक कपची नाण्यावरून सर्रकन गेली. त्यानं भिंगातून पाहिलं. काही दिसलं नाही, की पाहायचंच नव्हतं कोण जाणे.

नाणं परत आलं ते साध्या पाकिटात. ओरखडा असल्यानं दर्जा देता येत नाही, असा शेरा होता.

एल्डननं परीक्षकांचा, त्यांच्या दिव्यांचा, ड्वेनच्या कॉफीचासुद्धा उद्धार केला. व्हर्नानं सगळं ऐकून घेतलं, मग हात पुढे केला. इतकी वर्षं तिला नाणं प्लॅस्टिकमधूनच बघायला मिळालं होतं.

"कडेनं धर," तो सवयीनं म्हणाला.

"आता रे कशाला?" तिनं ते तळहातावर घेऊन मूठ मिटली. "गार आहे. आणि एवढंसंच?"

एल्डन तिच्या मुठीकडे बघत राहिला. मग त्यानं नाणं परत घेतलं, कडेनंच, आणि खिडकीपाशी जाऊन भिंग डोळ्याला लावलं.

"हा ओरखडा सोडला," तो म्हणाला, "तर पासष्टच आहे."